दोष तळव्याच्या कमानीचा नव्हे

धावणाऱ्याचा गुडघा, नडगी किंवा टाच दुखू लागली की त्याच्या तळव्याकडे बोट दाखवायचे, तळवा सपाट असला किंवा पाऊल आतल्या बाजूला कलत असले तर दुखण्याचे मूळ तिथेच आहे असे ठरवायचे, आणि बुटात कमानीला आधार देणारा सोल सरकवला की ते मूळ उपटले गेले असे मानायचे, हा विचार कोल्हापुरात आता सर्रास ऐकू येतो. रंकाळ्याभोवती आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पहाटे धावणाऱ्या हौशी मंडळींत तो आहे, सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांत आहे, आणि बुटांच्या दुकानांत तर तो विक्रीच्या बोलण्यातच मुरला आहे. यंत्रावर पाय ठेवला की पडद्यावर लाल-पिवळ्या डागांचे चित्र उमटते आणि त्या चित्राला ‘दोष’ हे नाव मिळायला फारसा वेळ लागत नाही. या मताची रचना वरकरणी तर्कशुद्ध आहे: सपाट किंवा आत कलणारे पाऊल ही विकृती आहे, या विकृतीतून दुखापत होते, आणि सोल ही विकृती सरळ करतो. यांपैकी पहिली दोन विधाने पुराव्यासमोर टिकत नाहीत. तिसरे अर्धवट खरे आहे, आणि ते अर्धवट खरे असल्यामुळेच पहिल्या दोन विधानांची भुरळ उतरत नाही.

आधी पाऊल जमिनीवर पडते तेव्हा काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. पावलात २६ हाडे असतात आणि ती अस्थिबंधांनी, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांनी, अशी बांधलेली असतात की टाचेपासून चवड्यापर्यंत आतल्या बाजूने एक कमान तयार होते. धावताना पाऊल टेकते त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर जमिनीकडून परत येतो. तो पेलताना टाचेचे हाड किंचित आत कलते, कमान थोडी दबते आणि नडगी आतल्या बाजूला वळते. या हालचालीला शास्त्रात ‘प्रोनेशन’ म्हणतात. ही हालचाल म्हणजे पाऊल ढासळणे नव्हे. १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी पावलाची कमान दाबून मोजली तेव्हा असे दिसले की धावण्याच्या प्रत्येक पावलात शरीरात येणाऱ्या-जाणाऱ्या यांत्रिक ऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा ही कमान साठवते आणि पुढच्या ढकलीला परत देते. दबणे हे तिचे कामच आहे, आणि जी कमान दबत नाही ती हे काम करत नाही. असे असताना दबणाऱ्या कमानीला दोषी ठरवून तिच्याखाली कडक टेकू देण्याची घाई का केली जाते, हा प्रश्न सोल विकणाऱ्यांना क्वचितच विचारला जातो.

आता सपाटपणाकडे वळावे. ओल्या पायाने फरशीवर ठसा उमटवून, ठशाच्या आतल्या बाजूला खाच दिसली नाही की पाय सपाट, ही घरगुती परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. ती पावलाचा आकार सांगते, पावलाचे काम सांगत नाही. या दोहोंतला फरक कोल्हापूरच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तरी नवा नसावा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी फौजी गावे असलेल्या या जिल्ह्यात सपाट पायामुळे वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची धास्ती घरोघरी असते. परंतु राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या अधिकारी प्रवेशांसाठी छापल्या जाणाऱ्या वैद्यकीय निकषांत, उमेदवार चवड्यांवर उभा राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, तो चवड्यांवर उड्या मारू आणि धावू शकत असेल, आणि पाऊल लवचीक व वेदनारहित असेल, तर त्याला पात्र धरावे असे स्पष्ट लिहिलेले असते. चवड्यांवर उभे राहताना कमान वर का येते याचे उत्तर १९५४ साली जॉन हिक्स या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने दिले होते. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. बोटे वर वाकली की तो विहिरीच्या रहाटावरच्या दोरासारखा गुंडाळला जातो, ताणतो आणि कमान उचलतो. ज्याची कमान अशी उचलली जाते त्याचा पाय उभ्याने कितीही सपाट दिसला तरी त्याची यंत्रणा शाबूत आहे. ज्याची कमान चवड्यांवरही परत येत नाही, पाऊल ताठ असते आणि दुखते, त्याची गोष्ट वेगळी, आणि तो अल्पसंख्याक आहे. सैन्य जो भेद करते तो भेद बुटांच्या दुकानातल्या यंत्राला करता येत नाही, कारण ते उभ्या, स्थिर पावलाचे चित्र घेते.

सपाट पाय जन्मजात दुर्गुण असल्यासारखे बोलले जाते, तेव्हा आपल्याच किनारपट्टीवरचा एक अभ्यास आठवावा. १९९२ साली उदय राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी कर्नाटकातल्या ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि अनवाणी राहणाऱ्या मुलांत २.८ टक्के, त्यातही पुढून बंद असलेल्या बुटांत ते सर्वाधिक आणि चपला-सँडलमध्ये त्याहून कमी होते. अशा सर्वेक्षणावरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही हे मान्य, पण ज्या वस्तूची भर घालून कमान वाचवायची ती वस्तूच कमानीच्या वाढीत आड येत असावी, हा संशय तरी त्यातून निर्माण होतो.

दुसरे विधान, म्हणजे सपाट किंवा आत कलणाऱ्या पावलातून दुखापत होते हे, तर सरळ मोजणीने तपासता येते आणि ते तपासले गेले आहे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंच्या पावलांची आधी वर्गवारी करण्यात आली, मग सर्वांना एकाच प्रकारचे, कोणताही खास आधार नसलेले बूट देण्यात आले, आणि वर्षभर त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आत कलणाऱ्या पावलांना दुखापतीचा जास्त धोका आढळला नाही. उलट दर हजार किलोमीटरमागे त्यांच्या दुखापती मध्यम पावलांपेक्षा कमीच भरल्या. त्याआधी, १९८५ साली, इस्रायली सैन्यात दाखल झालेल्या २९५ जवानांचा अभ्यास झाला होता. हाडाला सततच्या भाराने पडणारे बारीक तडे, ज्यांना डॉक्टर ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात, त्या अभ्यासात बसक्या कमानीच्या जवानांत कमी आणि उंच कमानीच्या जवानांत जास्त निघाले. ज्या पायाला कोल्हापुरात आधाराची गरज सांगितली जाते, तोच पाय तिथे सुरक्षित ठरला. अमेरिकेच्या भूदलाने, हवाई दलाने आणि मरीन दलाने तर हजारो प्रशिक्षणार्थींवर प्रयोग केले: एका गटाला पायाच्या ठशानुसार तीन प्रकारांतले ‘योग्य’ बूट दिले, दुसऱ्या गटाला ठसा न पाहता एकाच प्रकारचे दिले, आणि दोन्ही गटांच्या दुखापतींत नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. ठसा पाहून बूट निवडण्याची ही पद्धत आपल्याकडे आता नवे शास्त्र म्हणून खपवली जाते, ही खेदाची बाब आहे.

तिसरे विधान मात्र काळजीपूर्वक तपासावे लागते, कारण इथे प्रतिपक्षाच्या हातात काही खरे पुरावे आहेत आणि ते लपवून वाद जिंकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आधी या विधानाविरुद्धचे पुरावे. सोलामुळे हाडे खरोखर ‘सरळ’ होतात का, हे पाहण्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच स्वयंसेवकांच्या हाडांत प्रत्यक्ष खिळे बसवून त्यांना धावायला लावले गेले, जेणेकरून कातडी किंवा बूट हलल्याचा गोंधळ न होता टाचेचे आणि नडगीचे हाड किती अंशांनी फिरते ते मोजता यावे. सोलाने घडवलेला फरक मोजक्या अंशांचा होता, आणि तो सर्वांत एकाच दिशेचा नव्हता. कुणात थोडा इकडे, कुणात थोडा तिकडे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी या आणि अशा मोजण्यांवरून २००१ साली असा सिद्धांत मांडला की शरीर आपल्या पसंतीच्या मार्गानेच हालचाल करते आणि सोल तो मार्ग बदलत नाही. तो फार तर स्नायूंचे काम कमी-जास्त करतो. सोल पाय सरळ करतो हा दावा इथेच मोडतो. धक्का शोषून घेणाऱ्या मऊ सोलांची हकिकतही याहून उजवी नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या १२०५ प्रशिक्षणार्थींत महागडे धक्काशोषक सोल आणि नेहमीचे साधे सोल यांच्यात दुखापतींचा फरक निघाला नाही.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या डार्टमथ येथील नौदल महाविद्यालयात ४०० प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांपैकी निम्म्यांना पायाच्या दाबानुसार बनवलेले सोल दिले गेले आणि निम्म्यांना काहीच दिले नाही. पहिल्या गटात २१ आणि दुसऱ्या गटात ६१ दुखापती झाल्या. हा आकडा मोठा आहे. लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावपटूंना, आपल्या वाट्याला कोणता बूट आला हे कळू न देता, साधे किंवा आत कलणे रोखणारे बूट दिले, तेव्हा रोखणाऱ्या बुटांच्या गटात, विशेषतः आत कलणाऱ्या पावलांच्या धावपटूंत, दुखापती कमी झाल्या. म्हणजे आधार काहीच करत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु डार्टमथच्या प्रयोगात दुसऱ्या गटाला खोटा, सपाट सोलसुद्धा मिळाला नव्हता, त्यामुळे काहीतरी मिळाल्याचा परिणाम आणि सोलाच्या आकाराचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. जिथे असा खोटा सोल देण्यात आला, तिथे चित्र पुष्कळ फिके पडते. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांना खोटा, तयार मिळणारा आणि मापाने बनवलेला अशा तीन प्रकारचे सोल दिले. तीन महिन्यांनी आधाराच्या सोलांना थोडी सरशी होती, बारा महिन्यांनी तीही उरली नाही, आणि मापाने बनवलेला सोल तयार सोलापेक्षा कधीच सरस ठरला नाही. ब्रिस्बेनमध्ये गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्या १७९ जणांत सहा आठवड्यांनी सोल सपाट सोलापेक्षा बरा ठरला, पण व्यायामोपचारापेक्षा नाही. व्यायामोपचाराला सोलाची जोड दिल्याने काही अधिक साधले नाही, आणि वर्षअखेरीस सर्वच गट सारखे सुधारलेले होते.

या पुराव्यांतून न्याय्य निष्कर्ष निघतो तो इतकाच: सोल काही लोकांना काही आठवडे उपयोगी पडतो, तो भार एका ऊतीवरून, म्हणजे शरीराच्या एका प्रकारच्या पेशीजालावरून, दुसऱ्या ऊतीवर सरकवतो आणि दुखणाऱ्या भागाला उसंत देतो. तो विकृती दुरुस्त करतो म्हणून उपयोगी पडत नाही, आणि तो माप घेऊन महागात बनवला म्हणून जास्त उपयोगी पडतो असेही नाही. निग यांच्याच सहकाऱ्यांनी कॅनडाच्या २०६ सैनिकांसमोर सहा वेगवेगळे सोल ठेवले आणि त्यांतला सर्वांत सुखकर वाटेल तो निवडायला सांगितले. सैनिकांनी एकसारखे नव्हे तर वेगवेगळे सोल निवडले, आणि आपल्या निवडीचा सोल घालणाऱ्यांत चार महिन्यांत दुखापती व वेदना सोल न घालणाऱ्यांपेक्षा काहीशा कमी निघाल्या. पायाला बरे वाटणे ही कसोटी यंत्राच्या रंगीत चित्रापेक्षा अधिक कामाची ठरली. ती फुकट आहे, म्हणून कदाचित तिची जाहिरात होत नसावी.

मग दुखापत येते कुठून? इथे कोल्हापूरची परिस्थिती पाहिली की उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. भरतीची जाहिरात निघते, मैदानी चाचणीची, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ग्राउंड’ची, तारीख लागते, आणि जो मुलगा महिन्यापूर्वी ऊसतोडीच्या किंवा परीक्षेच्या गडबडीत होता तो अचानक सकाळ-संध्याकाळ राउंड मारू लागतो. राज्य पोलिसांच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर, अंतर लहान, पण टायमिंग काढण्यासाठी वेग पराकोटीचा. हौशी धावपटूंची गत वेगळी नाही: हिवाळ्यातल्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदवायचे, नोव्हेंबरपर्यंत काहीच करायचे नाही, आणि मग रविवारी मित्रांच्या नादाने एकदम वीस किलोमीटर. शरीर हे समजून घेत नाही. वाढलेल्या भाराला हाड प्रतिसाद देते ते आधी जुना भाग पोखरून आणि मग नवा भाग रचून. पोखरण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत होते, तर भरून काढण्याला काही महिने लागतात, आणि या मधल्या काळात भार वाढतच राहिला तर नडगीच्या किंवा पावलाच्या लांब हाडात तडा जातो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्याहून हळू बदलते. टाचेमागच्या कंडरेवर धावताना शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो, आणि दम वाढायला जितके दिवस लागतात त्याच्या कितीतरी पट दिवस तिला मजबूत व्हायला लागतात. छाती तयार होते पण पोटरी तयार नसते, आणि नेमक्या त्या टप्प्यावर मुलाला सांगितले जाते की तुझा पाय सपाट आहे.

या दुखापतींची जागा ओळखली तर हा संबंध अधिक स्पष्ट होतो. नडगीच्या आतल्या कडेने बोटभर लांबीत पसरलेले दुखणे हे हाडाच्या आवरणावर नव्याने आलेल्या ओढीचे असते. वाटीमागचे दुखणे जिना उतरताना आणि मांडी घालून बसून उठताना जाणवते, आणि ते उतारावरच्या धावण्याने, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरून किंवा पन्हाळ्यावरून धावत खाली येण्यासारख्या हौसेने, हमखास चिघळते. खुब्यापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत उतरणाऱ्या पट्ट्याचे दुखणेही तसेच, ठरावीक अंतर गाठल्यावर सुरू होणारे. तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे सकाळी अंथरुणातून उतरल्यावर पहिल्या पावलाला टोचते. या सर्वांत सामायिक गोष्ट आहे ती अलीकडे वाढवलेला भार. पावलाचा आकार काही अलीकडे बदललेला नसतो. जो पाय वीस वर्षे सपाट होता आणि दुखत नव्हता, तो गेल्या महिन्यात सपाटपणामुळे दुखू लागला असे म्हणण्याला काय अर्थ आहे?

भारवाढीचे गणितही सोपे नाही, हे कबूल केले पाहिजे. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा प्रशिक्षकांचा आवडता नियम नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांवर तपासला गेला आणि त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२०५ धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने नवी दिशा दाखवली: आठवड्याची बेरीज नव्हे, तर एकाच वेळचे धावणे महत्त्वाचे. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात धावले की दुखापतीचा धोका वाढतो, आणि दुपटीहून जास्त धावले तर तो दुपटीहून अधिक होतो. कोल्हापुरातल्या रविवारच्या त्या वीस किलोमीटरांचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

यावर प्रतिपक्षाचे एक ठेवणीतले उत्तर असते: अमक्याने सोल घातला आणि तो बरा झाला. तो बरा झाला असेलच. टाचदुखीचे बहुसंख्य रुग्ण वर्षभरात बरे होतात, सोल घालोत वा न घालोत. आणि सोल घेणारा माणूस बहुधा त्याच आठवड्यात धावणे थांबवतो किंवा कमी करतो, पोटऱ्या ताणू लागतो आणि काळजीपूर्वक चालू लागतो. यशाचे श्रेय मात्र ज्याची पावती हातात असते त्याला मिळते. सोलामुळे प्रत्यक्ष नुकसान क्वचितच होते हे खरे, पण निदान चुकले की उपाय चुकतो, आणि मुलगा तोच बेत तशाच घाईने पुन्हा सुरू करतो.

या वादाला कोल्हापुरात आणखी एक बाजू फुटते, आणि तिचाही समाचार घेणे भाग आहे. सोलाला विरोध करणारे काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: आपले पूर्वज कोल्हापुरी चप्पल घालून किंवा अनवाणी मैलोन्‌मैल चालत, त्यांना कुठे टाचदुखी होती? कोल्हापुरी चप्पल ही अभिमानाची वस्तू आहे यात शंका नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, थरांवर थर रचलेला सपाट तळ, खिळ्याशिवाय कातड्याच्या वादीने घातलेली शिवण, कान, अंगठा आणि वेणी ही तिची ओळख. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण तिच्या तळाला कमान नाही म्हणून ती पायाला अपाय करते हे जसे सिद्ध झालेले नाही, तसेच ती टाचदुखीवरचा उतारा आहे हेही सिद्ध झालेले नाही. पूर्वजांच्या टाचदुखीची मोजणी कुणी केली नव्हती. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यांच्या पुढाकाराने पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. ही उदाहरणे थोर आहेत, पण ज्यांचे पाय लहानपणापासून तशा भाराला सरावले होते त्यांची आहेत. बुटांत वाढलेल्या पायाने एका रात्रीत पायताण टाकून द्यावे असा त्यांचा अर्थ नाही. पाचही बोटे वेगळी असणाऱ्या पातळ बुटांच्या एका नामांकित कंपनीला, आरोग्याचे दावे पुराव्याविना केल्याच्या खटल्यात, २०१४ साली अमेरिकेत साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. पातळ तळाने गुडघ्यावरचा भार कमी होतो तो पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर जातो. भार नाहीसा कुठेच होत नाही. म्हणजे सोलाचा भक्त आणि अनवाणी धावण्याचा भक्त हे दोघेही एकच चूक करतात: दोघेही पायाखाली काय आहे ते पाहतात, पायावर किती आले ते पाहत नाहीत.

सोलाची खरी जागा कुठे आहे, हेही सांगितले पाहिजे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्या पायाची संवेदना गेली आहे, त्या पायाला दाब कळत नाही आणि जखम होते. तिथे दाब पसरवणारा सोल पाय वाचवतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या काळापासून कुष्ठरुग्णांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला याच कारणाने बनू लागल्या, आणि शेंडा पार्कातली कुष्ठरुग्णांची वसाहत पाहिलेल्या कोल्हापूरला हा विषय अनोळखी नसावा. ताठ, दुखरा सपाट पाय, दोन पायांच्या लांबीतला मोठा फरक, सांध्याचा जुना आजार, यांतही सोल लागतो; पण तो डॉक्टरांनी तपासून सांगावा आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या कृत्रिम अवयव व आधारतज्ज्ञाने बनवावा. बूट विकणारा हा त्यातला जाणकार नव्हे. टाच फार दुखत असताना औषधांच्या दुकानातली साधी हील कुशन काही आठवडे वापरायलाही हरकत नाही, मात्र तिला कुबडीइतकाच मान द्यावा.

उपचाराचा मुख्य भाग दुखऱ्या भागाला भार पेलायला शिकवणे हाच आहे. स्वीडनमधले शल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेमागची कंडरा दुखणाऱ्या पंधरा धावपटूंना पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला: पंधरा-पंधरांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सर्व पुन्हा धावू लागले. याला पायरीखेरीज काही लागत नाही, आणि तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या गावाला तो अवघडही वाटू नये. अवघड वाटते ते बारा आठवडे, कारण ग्राउंडची तारीख त्याआधी येते.

म्हणून जबाबदारी मुलांपेक्षा तयारी करून घेणाऱ्यांवर जास्त आहे. प्रत्येक उमेदवाराने रोज किती अंतर, किती वेगाने आणि कुठे धावले ते साध्या वहीत लिहावे, आणि दुखणे सुरू झाले की प्रशिक्षकाने बूट काढायला सांगण्याआधी ती वही मागावी. भरतीची जाहिरात निघण्याची वाट न पाहता वर्षभर थोडे-थोडे धावून घ्यावे. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्याच जागी तीव्र दुखत असेल, आराम करताना किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर तो हाडाचा तडा असू शकतो, आणि अशा मुलाला धावायला लावू नये. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला म्हणून त्याला पुन्हा मैदानावर उतरवू नये. मुलींची मासिक पाळी बंद झाली असेल आणि त्यांना असे दुखत असेल, तर आहार अपुरा पडतो आहे का हे डॉक्टरांनी आधी पाहावे. यांपैकी एकाही बाबतीत पायाचा ठसा घेण्याची गरज पडत नाही.